ककणेराचं लोकेशन

फेब्रुवारीचा दुसरा आठवडा उलटला की मला फोन यायला लागतात. पुण्याहून, ठाण्याहून, एखादा थेट बंगळुरूहून. आधी तब्येतीची चौकशी, मग यंदा आंबा कसा आहे, मोहोर टिकला का, आणि मग मूळ मुद्दा: "मॅडम, हॉर्नबिल बसला का? लोकेशन मिळेल का?"

मी कुडाळ तालुक्यातल्या एका वाडीची. नोकरी बँकेत, आणि सुट्टीच्या दिवशी गेली बारा वर्षं गळ्यात कॅमेरा. आमच्या रानात धनेशाच्या, म्हणजे हॉर्नबिलच्या, दोन ढोल्या (झाडाच्या पोकळीतली घरटी) मला ठाऊक आहेत. पांढरंकाळं अंग, पिवळट चोच आणि तिच्यावर काळा डाग असलेलं शिरस्त्राण, असा हा मलबारी कवड्या धनेश. आमच्याकडची जुनी माणसं त्याला ककणेर म्हणतात. पूर्वी मी लोकेशन द्यायचे, अगदी नकाशावरची खूण धाडायचे. तीन वर्षांपासून देत नाही. त्यावरून मैत्रिणी दुखावल्या आहेत, एकाने तर "रान काय तुमच्या नावावर आहे का" असंही विचारलं. (आहे. सतरा जणांच्या सामाईक सातबाऱ्यावर आहे, पण तो वेगळाच वैताग.) माझं म्हणणं असं की विणीच्या दिवसांत ढोलीसमोर कॅमेरा लावणं बंद झालं पाहिजे. तुमच्या-माझ्या सभ्यतेवर सोडून देण्याइतकी ही गोष्ट आता लहान राहिलेली नाही.

हे मला सुचलं ते पुस्तकं वाचून नव्हे. माझ्याच हातून घडलं म्हणून.

माघ सरत आला होता. शिमग्याला पंधरा-वीस दिवस असतील. या दिवसांत आमच्या रानात पहाटे व्हाळावर धुकं असतं आणि दवाने पातेरा भिजलेला असतो, त्यामुळे नऊ वाजेपर्यंत पायांचा आवाज होत नाही. नंतर तोच पातेरा पापडासारखा वाजतो आणि अर्ध्या रानाला तुम्ही आल्याची वर्दी जाते. म्हणून मी साडेसहालाच गडगा ओलांडून ढोलीच्या बेहड्यासमोर पोचले होते. ढोली वीसेक हात वर. मादी आत जाऊन बसलेली, तोंड लिंपलेलं, मधे बोटभर फट. मी झाडापासून पंधरा पावलांवर, उघड्यावरच, ट्रायपॉड उभा केला. अंगात हिरवी-मातकट जाकीट होती. त्या जाकिटाने पक्ष्याची फसगत होते असं का कोण जाणे, पण आम्हा सगळ्यांना वाटतं.

सात वाजून दहा मिनिटांनी नर आला. समोरच्या ऐनावर बसला. गळा फळांनी फुगलेला. त्याने मान वाकडी करून एका डोळ्याने माझ्याकडे बघितलं, मग मान फिरवून दुसऱ्या डोळ्याने, आणि उडून गेला. वीस मिनिटांनी परत आला, त्याच फांदीवर, तसंच बघून गेला. तिसऱ्या वेळी तर बसलाच नाही, वरून पंखांचा घोंघाट करत निघून गेला. आणि त्या वेळी माझ्या डोक्यात काय होतं ते मला नेमकं आठवतं: उजेड सुधारतोय, थांबावं.

आठच्या सुमारास आबा आला, माझा चुलतकाका. भाजावळीसाठी कवळ तोडायला कोयती घेऊन निघाला होता. त्याने झाडाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"तू हंय उभी आसस तवसर तो येवचो नाय."

"आबा, पाचच मिनिटं."

"तुझी पाच मिन्टां गो. भुतूर बसली आसा, तिका इचार."

आणि गेला. मी तरीही थांबले. नऊनंतर नर आलाच, पण घाईत. खोडाला कसाबसा लटकला, पहिलं फळ फटीतून आत दिलं, दुसरं देताना निसटलं, तिसरंही. मला फोटो मिळाला. स्वच्छ, डोळ्यात चमक, आणि चोचीपासून वितभर खाली हवेत तरंगणारं पायरीचं (आंबा नव्हे, वडाच्या जातीतलं रानझाड) तांबडं फळ. दाखवला असता तर लोक म्हणाले असते, काय टायमिंग आहे! ते फळ का पडलं हे फोटोत दिसत नाही.

ढोलीत काय चाललेलं असतं ते माहीत असलं की या फोटोचा हिशेब वेगळा लागतो. धनेशाची मादी विणीच्या सुरुवातीला स्वतःला आत कोंडून घेते. विष्ठा, चिखल, फळांचा चोथा यांनी तोंड बुजवते आणि चोच जेमतेम बाहेर येईल एवढी फट ठेवते. साप, घोरपड, माकड यांच्यापासून बचाव म्हणून. आत असताना तिची उडण्याची पिसं गळतात आणि नवी येतात, म्हणजे त्या काळात ती मनात आणलं तरी उडू शकत नाही. दोन-तीन महिने तिचं आणि पुढे पिल्लांचं पोट एकट्या नराच्या खेपांवर चालतं. तो दूरदूरच्या वड-पायरी-उंबरांवरून फळं गिळून आणतो आणि फटीशी लटकून एकेक करून वर काढून देतो. नर परत गेला तर मादीला दुसरा मार्ग नाही. ओरडून कोणाला बोलवायचीही सोय नाही, कारण आवाज केला तर ढोलीचा पत्ता कळतो. माझ्या त्या सकाळी तीन खेपा फुकट गेल्या. मी एकटी होते. दुसऱ्या दिवशी दुसरं कोणी, रविवारी सहा जण, आणि प्रत्येकाची फक्त पाचच मिनिटं.

आता कायदा. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. त्याच्या दुसऱ्या कलमात शब्दांच्या व्याख्या आहेत, तिथे सोळाव्या क्रमांकावर 'शिकार' आहे. मारणं, पकडणं, सापळा लावणं हे त्यात असणारच. पण त्यात जनावराला हाकून नेणंही आहे, आमिष दाखवणंही आहे, आणि पक्ष्यांच्या व सरपटणाऱ्या प्राण्यांच्या बाबतीत अंड्यांना किंवा घरट्यांना उपद्रव देणंही आहे. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा परत वर जाऊन मथळा तपासला. हो, शिकारच.

माझ्या आजोबांकडे शेतसंरक्षणाच्या परवान्यावरची ठासणीची बंदूक होती. आमच्या भागात अशा बंदुका घरोघर असत, अजूनही काही घरांत आहेत. हाकारा म्हणजे काय हे आम्हाला कोणी समजावून सांगायला नको. दहा जण डबे वाजवत रान हाकणार, डुक्कर ज्या वाटेवर येणार तिथे बंदूकवाला दबा धरून बसणार. गंमत बघा, एकजण झुडपात काठी आपटून घुबड उठवतो आणि दुसरा पलीकडे लेन्स रोखून तयार असतो, त्याला आम्ही 'बर्डिंग' म्हणतो. श्यामा गात नसला तर मोबाइलवर श्यामाचं गाणं लावायचं. तो बिचारा आपल्या हद्दीत कोण दुसरा नर घुसला म्हणून शेपटी फुलवून धावत येतो, शोधतो, सापडत नाही, परत येतो. पंधरा मिनिटं हा खेळ. त्याच्या दृष्टीने ती हद्दीची लढाई आहे, आणि समोर शत्रूच नाही.

या सगळ्यावर खटले भरा असं माझं म्हणणं नाही. पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्याच्या शिकारीला किमान तीन वर्षांची कैद आहे. हौशी माणसाला लेन्ससकट तीन वर्षं आत टाकावं असं मलाही वाटत नाही, मीच पहिली आत जाईन. पण कायदा लिहिणाऱ्यांना पन्नास वर्षांपूर्वी जे सुचलं होतं ते आमच्या फोटोग्राफर मंडळींच्या गप्पांत कधी येत नाही, हे खटकतं. 'आम्ही काय गोळी घालतो का' हे आमचं ठरलेलं उत्तर. घरट्यापुरता तरी कायदा गोळीची वाट बघत नाही.

परवानगीचं म्हणाल तर अभयारण्यात फोटो काढायला परवाना लागतो, तो कलम २८ खाली. २०२२ च्या दुरुस्तीने त्यात अधिवासात बदल न करता, वन्यजीवांना बाधा न आणता फोटोग्राफी करायची असंही घातलं. फणसाडला, कर्नाळ्याला हे चालेल. पण कोकणातलं बरंचसं रान अभयारण्यात नाहीच. ते खाजगी मालकीचं आहे, भाऊबंदांत वाटलेलं आणि न वाटलेलं. तिथे कोणी पावती फाडायला बसलेला नाही. आणि बसावा असंही मला वाटत नाही, कारण पावती फाडली की माणसाला वाटतं, आता पैसे दिलेत, आता अडवायचं नाही.

यावर मला जी उत्तरं मिळतात त्यातली काही खरोखर विचार करायला लावणारी आहेत.

एक म्हणजे फोटोमुळेच प्रेम वाढतं. हे मी नाकारणार नाही, मला स्वतःला पक्षी कळले ते फोटो बघून. मंडणगड तालुक्यातलं वेळास घ्या. ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी पूर्वी माणसं आणि कोल्हे-कुत्री खाऊन संपवत. २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांना हाताशी धरून ती घरटी राखायला घेतली, पुढे कासव महोत्सव सुरू झाला, आणि आता फेब्रुवारी-मार्चात मुंबई-पुण्याची माणसं गावात मुक्काम करून पिल्लं समुद्रात जाताना बघतात. घराघरांत चुलीवर पैसा आला. हे फोटोंशिवाय झालं नसतं. पण तिथे ते कसं चालतं हे ज्यांनी पाहिलंय त्यांना माहीत आहे. अंडी कुंपणातल्या राखीव जागेत, सकाळ-संध्याकाळ ठरल्या वेळी टोपली उचलणार, पिल्लं आली असतील तर सोडणार, नसतील तर तुम्ही परत जा. मधे दोरी. दोरीच्या अलीकडे तुम्ही, पलीकडे पिल्लं. फ्लॅश नाही. आणि 'आजची जरा लवकर उकरून दाखवा, आम्हाला पाचची एसटी आहे' असं म्हणणाऱ्याला गावचा पोरगा सरळ नाही म्हणतो. म्हणजे तिथे फोटो आहे, पण वेळ कासवाची आहे आणि शब्द गावाचा आहे. आमच्या बेहड्याखाली वेळही माझी होती आणि शब्दही माझाच.

दुसरं उत्तर जरा अभ्यासू मंडळींकडून येतं: मग सालीम अलींनी काय केलं? बरोबर आहे. १९३० च्या पावसाळ्यात ते अलिबागजवळच्या किहीमला राहत होते आणि तिथे त्यांनी सुगरणीच्या घरट्यांसमोर ठाण मांडून निरीक्षण केलं. नर अर्धवट घरटं विणतो, मादी येऊन पारखते, तिला पसंत पडलं तर ती अंडी घालायला बसते आणि नर घरटं पुरं करून पुढचं विणायला घेतो, हे जगाला नीट कळलं ते कोकणातल्या त्या घरट्यांवरून. तेव्हा घरट्याकडे बघूच नये असं मी कशी म्हणेन? पण ते महिनोन्‌महिने तेच घरटं बघत होते, वह्या भरत होते, आणि त्यातून सुगरणीबद्दल आधी ठाऊक नसलेलं काही हाती आलं. आमच्या ककणेराच्या फोटोतून काय नवं कळतं? नर मादीला भरवतो. हे आबाला लहानपणापासून ठाऊक आहे. त्याच ढोलीचा दोनशेवा फोटो हा अभ्यास नाही. तो 'माझ्याकडेपण आहे' एवढंच सांगतो.

तिसरं उत्तर मला सगळ्यात जड जातं. झाडंच तोडली जात असताना तुम्ही फोटोवाल्यांच्या मागे काय लागलात? याच जिल्ह्यातल्या सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्यातली २५ गावं पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर करा असं मुंबई उच्च न्यायालयाला मार्च २०२४ मध्ये सांगावं लागलं, ते काही लेन्सवाल्यांच्या भीतीने नाही. आमच्याच रानात लाकूडवाला दर दोन वर्षांनी येऊन बेहड्याच्या बुंध्याला हाताने मिठी मारून घेर मोजून जातो. ढोलीचं झाड म्हणजे पोकळ, म्हणजे म्हातारं, म्हणजे मालकाच्या हिशेबी 'पडायच्या आधी विकून टाक'. सतरातल्या तिघांना ते विकायचं आहे आणि त्यांना मी दोष देऊ शकत नाही, एकाच्या मुलीचं लग्न आहे. करवत आणि कॅमेरा यांत मोठा गुन्हेगार कोण हे लहान मूलही सांगेल.

पण म्हणून काय? करवतीवर माझा हात नाही, कॅमेऱ्यावर आहे. आणि या दोन गोष्टी वाटतात तेवढ्या वेगळ्याही नाहीत. गेल्या दहा वर्षांत त्या झाडाखाली येऊन गेलेल्यांच्या गाड्या, लेन्स आणि हॉटेलची बिलं जमेला धरली तर बेहड्याच्या लाकडाच्या किमतीच्या कितीतरी पट रक्कम होईल. त्यातला एक रुपया झाडाच्या मालकाला मिळालेला नाही. ज्याचं झाड त्याच्या हातात लाकूडवाल्याचेच पैसे पडतात. झाड उभं ठेवण्याबद्दल त्याला कोणी काही दिलं तर तो ते उभं ठेवील, हे साधं गणित आहे आणि ते फोटोग्राफरांनी मांडायला हवं होतं.

पैशाची गोष्ट निघालीच आहे तर आमच्या पोरांबद्दलही बोललं पाहिजे. शेजारच्या वाडीतला एक रिक्षावाला तरुण पक्षी दाखवतो. दिवसाचे दोन हजार मिळतात, रिक्षात एवढे कधीच मिळत नाहीत. त्याचे कान माझ्यापेक्षा दसपट तिखट. रानात वाळक्या पानासारखी फांदीला चिकटून बसलेली फ्रॉगमाउथ या निशाचर पक्ष्याची जोडी तो नुसत्या नजरेने काढतो. ही जोडी रोज त्याच फांदीवर झोपायला येते, म्हणजे एकदा पत्ता फुटला की सुटका नाही. गेल्या वर्षी एका पाहुण्याने फोटो समाजमाध्यमावर टाकताना गावाचं नाव, व्हाळाचं नाव, सगळं लिहिलं. पुढच्या आठवड्यात रिक्षावाल्याला न विचारता दोन गाड्या आल्या. फांदीसमोरची झुडपं 'आडवी येतात' म्हणून कोणीतरी मोडून ठेवली. जोडी गेली. त्या पोराचं नुकसान कोणी भरून दिलं? पक्षी जपायचा म्हणून मी त्याला उपदेश करायला गेले होते, तर तो माझ्याआधीच शहाणा झाला होता. म्हणाला, "ताई, आता मी मोबाइल गाडीतच ठेवायला सांगतो. कॅमेरा घ्या, मोबाइल नको."

त्याचं बरोबरच होतं. मोबाइलने काढलेल्या फोटोत जागेचे अक्षांश-रेखांश लपून बसलेले असतात, आणि मूळ फाईल कोणाला 'डॉक्युमेंट' म्हणून धाडली की तेही सोबत जातात. जगभरच्या पक्षीनोंदी घेणाऱ्यांनी हे कधीच ओळखलंय. ई-बर्ड या नोंदींच्या संकेतस्थळावर काही संवेदनशील जातींचं नेमकं ठिकाण लोकांना दाखवत नाहीत. आयनॅचरलिस्टवर धोक्यातल्या जातीची खूण मुद्दाम वीसेक किलोमीटरच्या चौकटीत कुठेतरी भरकटवून दाखवतात. आणि आम्ही मात्र व्हॉट्सॲपच्या गटात 'देवळाच्या मागून डावीकडे, तिसरा गडगा' असं लिहितो, वर हात जोडल्याची खूण.

मोठ्या लेन्सवाल्यांनाच सगळा दोष देणंही चूकच, हे जाता जाता सांगून टाकते. कोकणात बिबट्या कठडा नसलेल्या विहिरीत पडला की काय होतं ते सगळ्यांनी पाहिलंय. वनखात्याचा पिंजरा यायला दोन तास लागतात. तोवर अख्खा गाव विहिरीच्या काठावर, प्रत्येकाचा हात पुढे, हातात मोबाइल, आणि खाली पाण्यात पोहून थकलेलं जनावर. तिथे ना कोणाकडे लेन्स असते ना कोणी पुण्याहून आलेलं असतं. आम्हीच असतो.

मग करायचं काय? मला एकच जागा दिसते, ती म्हणजे गाव. प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी असं २००२ च्या जैवविविधता कायद्यात आहे. बहुतेक ठिकाणी ती कागदावर आहे आणि तिची नोंदवही कोणीतरी तालुक्यात बसून भरलेली आहे, हे मलाही ठाऊक आहे. तरी ग्रामसभेने एक ठराव करायला काय हरकत आहे? माघापासून पहिल्या पावसापर्यंत ढोलीच्या आसपास शंभर पावलांत कॅमेरा नाही. फिरायला यायचं तर गावातल्या माणसाबरोबर. ज्याच्या हद्दीत झाड, त्याला त्यातला वाटा. आमच्याकडे देवराईत शिरताना चपला बाहेर काढतात, वाळकी काटकी उचलत नाहीत, आणि काही हवं असेल तर आधी गाऱ्हाणं घालून राखणदाराला विचारतात. ज्या गावाला हे जमतं त्याला शंभर पावलांचा नियम जड जाऊ नये. फक्त तो नियम माझ्यासारख्या पुतणीलाही लागू पाहिजे. नाहीतर बाहेरच्यांना बंदी आणि घरच्यांना पाच मिनिटं, असं होईल.

शिवाय, ढोली सोडली तर फोटोला या दिवसांत काय कमी आहे? आमच्या पाणंदीच्या टोकाला एक सावर आहे. फेब्रुवारीत तिच्या अंगावर एक पान नसतं, नुसती तांबडी फुलं, मुठीएवढी, जाड पाकळ्यांची, आत मधाची वाटीच. सकाळी सव्वासातला ऊन वरच्या फांद्यांवर येतं आणि जत्रा भरते. आधी कोतवाल, कारण तो सगळ्यांच्या आधी उठतो आणि नंतर येणाऱ्या प्रत्येकाशी भांडतो. मग साळुंक्या, बुलबुल, पोपट. पोपट फूलच तोडून चावून खाली टाकतो, अगदी उधळ्या. हिरवा पर्णपक्षी त्या तांबड्या फुलात डोकं खुपसून बाहेर काढतो तेव्हा कपाळावर पिवळे परागकण माखलेले असतात, आणि ते तो पुढच्या फुलाला नेऊन देतो. शिंजीर बाजूने चोच घालून मध चोरतो. फूल गळून पातेऱ्यात पडतं त्याचा टप्प असा जड आवाज येतो, आणि पहाटे लवकर गेलात, वारा तुमच्याकडे असला आणि बसून राहिलात, तर ती पडलेली फुलं खायला भेकर येतं. एक पाय उचलून, कान फिरवत, एकेक फूल. मला तीन वर्षांत त्याचा एकच बरा फोटो मिळाला आहे, तोही मागून. पण तिथे कोणाचं काही अडत नाही. तुम्ही नको असाल तर पक्षी पलीकडच्या फांदीवर जातो, भेकर भुंकून पळतं. त्यांना जाता येतं. ढोलीतल्या मादीला जाता येत नाही, माझ्या लेखी सगळा फरक एवढ्यात आहे.

आणि ककणेरच हवा असेल तर फळाला आलेली पायरी शोधावी. त्या रिक्षावाल्याने हेच सुरू केलंय. कुठला वड पिकलाय, कुठला उंबर दोन दिवसांत पिकेल हे त्याला पाठ असतं. तिथे नर पोट भरायला आणि गळा भरून न्यायला येतो. फळ चोचीच्या टोकात धरून वर उडवतो आणि झेलून गिळतो. तो फोटो ढोलीच्या फोटोपेक्षा शंभर पटींनी बरा येतो, हे मी हेव्याने सांगते आहे, कारण माझा अजून हललेलाच येतो.

गेल्या फेब्रुवारीत पुण्याचे एक गृहस्थ, मी लोकेशन देत नाही म्हटल्यावर, नावं विचारत विचारत परस्पर वाडीत आले. भली मोठी पाठपिशवी, हिरवी-मातकट जाकीट. मी पडवीत होते. आबा खळ्यात सुपाऱ्या सोलत बसला होता. त्यांनी फार अदबीने विचारलं, "काका, इथे हॉर्नबिल... ककणेर, ककणेराची ढोली कुठे आहे हो?"

आबाने मान वर केली नाही. "ककणेर? ते खंयचे आता? गेले ते. लय वर्सां झाली."

तेवढ्यात माडांच्या वरून पंखांचा तो घोंघाट आला, जवळ आला, डोक्यावरून बेहड्याच्या दिशेने गेला. गृहस्थांनी वर बघितलं. मी वर बघितलं. आबाने पुढची सुपारी घेतली.

"कावळो," म्हणाला.